सत्तारभाईंकडचे पाहुणे

नागभीडच्या शाळेत रुजू होऊन मला तीनच दिवस झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात दात घासत उभा होतो, तर कुंपणापलीकडून खणखणीत आवाज आला, "हेडमास्तर! चप्पल सोड! सोड म्हणतो ना बे! काल पोट बिघडलं तरी अक्कल नाई आली तुले?"

आमचे हेडमास्तर करारी गृहस्थ होते. ते व्हरांड्यातून निघाले की शिक्षकसुद्धा भिंतीला चिकटून उभे राहत. कालच ते साडूंच्या घरच्या कार्यासाठी आठ दिवसांची रजा टाकून अमरावतीला गेले होते. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून कुंपणावरून डोकावलो. तांबूस रंगाचं एक लठ्ठ कुत्रं तोंडात रबरी चप्पल धरून बसलं होतं आणि त्याच्यासमोर पन्नाशीचा, काटकुळा, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता.

"नवे सर का?" तो म्हणाला. "या, या. हे तुमचे हेडमास्तर. चावत नाईत."

हे सत्तारभाई नालबंद. घराणं पिढ्यान्पिढ्या घोड्याबैलांना नाल मारणारं. घोडे कमी झाले तसे सत्तारभाई बैलांवर आले, आणि ट्रॅक्टर वाढले तसे कशावरही नसल्यासारखे झाले. मग त्यांनी वेगळाच उद्योग काढला. लोक परगावी गेले की त्यांची जनावरं सांभाळायची. उन्हाळ्यात नोकरदारांची कुत्री, दिवाळीत पोपट आणि मांजरं, आणि आखाडीपासून कार्तिकापर्यंत, म्हणजे लग्नांचा हंगाम नसताना, वरातीचे घोडे. ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा, कुठकुठून घोडेवाले पावसाळ्यापुरती जनावरं त्यांच्याकडे आणून सोडत. आवारात टिनाच्या तीन लांब पडव्या होत्या आणि एका कोपऱ्यात सत्तारभाईंची खोली. तिच्यात ते एकटे राहत. सर्वांत गळकं छप्पर त्या खोलीचं होतं.

त्यांचा नियम असा की जनावराला त्याच्या नावानं हाक मारायची नाही, मालकाच्या नावानं मारायची. डॉक्टरांचा पोपट म्हणजे डॉक्टर. बँकेच्या मॅनेजरची दोन पांढरी झुपकेदार कुत्री म्हणजे मोठे मॅनेजर आणि लहान मॅनेजर. परिणामी आमच्या गल्लीत गावातल्या प्रतिष्ठितांविषयी रोज सकाळी फार मोकळेपणानं बोललं जाई. "डॉक्टरनं काल तीन वेळा शिव्या देल्या," किंवा "लहान मॅनेजरच्या कानात गोचीड निंगाली." शाळेत जाणारी पोरं कुंपणाशी थबकत आणि प्रसन्न चेहऱ्यानं पुढे जात.

हेडमास्तर परत आल्यावर त्यांच्या कानावर हे गेलंच. ते तक्रार घेऊन आले. मी माझ्या अंगणात पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरला होता.

"हा काय प्रकार आहे, सत्तारभाई? माझं काही पद आहे की नाही?"

"आहे ना जी. पण कुत्रं तुमचं, मग माह्या नावानं हाक मारू का त्याले?"

"त्याचं नाव आहे मोती! मोती म्हणा!"

"मोती म्हणलं की लळा लागते, साहेब," सत्तारभाई अगदी शांतपणे म्हणाले. "नाव घेतलं का जनावर आपलं वाटाले लागते. आपलं तं नाई ना. परत देऊन टाका लागते."

 हेडमास्तरांनी कुत्र्याची साखळी धरली. कुत्रं तीन वेळा मागे वळून पाहत गेलं, आणि सत्तारभाई तेवढ्यात पाण्याची बादली भरायला आत निघून गेले होते.

जनावर ठेवून घेण्याआधी ते मालकाची तपासणी करत. जनावराची नाही, मालकाची. अंगणात एक मोडका बाक होता, त्यावर मालकाला बसवून ते समोर उकिडवे बसत. "रातच्याले कुठी निजते? कोणत्या भांड्यात खाते? घरात रागावते कोण? फटाक्याले भेते का?" मॅनेजर आणि त्यांच्या सौभाग्यवती यांचं त्या बाकावर जुंपलेलं भांडण मी ऐकलं आहे, कारण मोठं कुत्रं रात्री नक्की कोणाच्या पांघरुणात असतं यावर दोघांचं एकमत होईना. दोघांनाही ते आपल्याच पांघरुणात असतं असं वाटत होतं. सत्तारभाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे कुत्रं रातभर निजतच नाई बिचारं."

गावातल्या एका पुढाऱ्यांनी मिरवणुकीत बसण्यासाठी उंचापुरा घोडा घेतला होता. शौर्य या विषयावर ते दर वर्षी दोन तास बोलत. मिरवणूक आटोपली की घोडा सत्तारभाईंकडे. सत्तारभाईंची अट अशी, की जनावर सोडून जाताना मालकानं अर्धा तास त्याच्याजवळ थांबायचं, अंगावरून हात फिरवायचा, म्हणजे त्याला टाकून दिल्यासारखं वाटत नाही. पुढारी घोड्यापासून सहा फुटांवर अर्धा तास उभे राहिले. शेवटी सत्तारभाई म्हणाले, "साहेब, याले वाटून राह्यलं तुमी त्याची सभा घेऊन राह्यले."

हे सगळं विनोदानं सांगतो आहे, पण पावसाळ्यात त्यांचं काम पाहणं हा माझा संध्याकाळचा छंद होता. आमच्याकडे धानाच्या बांध्यांतला, म्हणजे भातखाचरांतला, चिखल असा की चार दिवस घोडा त्यात उभा राहिला तर खूर कुजतो. सत्तारभाई जेठातच, पाऊस लागण्याआधी, बैलगाडीनं मुरूम आणून पडव्यांतून टाकत. घोडे आले की पहिलं काम नाल काढण्याचं. "चार महिने अनवाणी राहू द्या. पायालेही सुट्टी लागते." मग रोज दोनदा खूर उचलून साफ करायचा, गोमाशांसाठी कडुलिंबाचा धूर करायचा. पहिल्या पावसाचं कोवळं गवत थेट द्यायचं नाही, अर्धा दिवस सुकवून द्यायचं, नाहीतर पोट फुगतं. अंगाला चकाकी यावी म्हणून उकडलेलं जवस. बैलापेक्षा घोड्याचं पोट फार नाजूक, हे मला त्यांनीच सांगितलं. "बैल दगड खाऊन पचवन. घोडा दिसते पहेलवान, पण आतून तुमच्यासारखा मास्तर हाय." मला ॲसिडिटी होती हे त्यांना माहीत होतं.

दर पावसाळ्यात येणारी एक पांढरी घोडी होती. ब्रह्मपुरीच्या शेषरावची. वरातींत तिचं नाव चांदनी, सत्तारभाईंकडे अर्थातच शेषराव. "शेषराव आज चारा खाऊन नाई राह्यली," असं ते काळजीनं सांगत. बारा-तेरा वर्षांची, समजूतदार, डोळ्यांना काजळ घातल्यासारख्या कडा. तिला आखूड बांधलं की ती रात्रभर उभी राहते, म्हणून सत्तारभाई दोर लांब आणि गाठ सैल ठेवत. "आखूड बांधलेलं जनावर निजत नाई," हे त्यांचं ठाम मत.

माझ्या तिसऱ्या पावसाळ्यातल्या पोळ्याच्या दिवशीची गोष्ट.

त्या दिवशी दुपारी ढोल वाजायला लागले आणि त्यांच्याकडची सगळी कुत्री खाटेखाली शिरली. दोन्ही मॅनेजर थरथर कापत होते. सत्तारभाई दर वर्षीप्रमाणे त्यांना घेऊन खोलीत गेले, दार लावलं, फटींत चिंध्या कोंबल्या आणि दोघांना मांडीवर घेऊन बसले. त्या वर्षी शेजारच्या बोडीटोला गावच्या लोकांनी चैन म्हणून पोळ्यासाठी आरमोरीचा लग्नातला बँड सांगितला होता. बँडवाले एसटीतून उतरले आणि आमच्या गल्लीच्या तोंडावरून वाजवतच बोडीटोल्याकडे गेले. सत्तारभाईंनी ढोलाला भिणाऱ्या प्रत्येकाची सोय केली होती. ढोलावर जिचं पोट होतं तिचा विचार त्यांच्या मनात आला नाही.

दिवेलागणीला दार उघडून ते बाहेर आले तेव्हा पडवीत नुसता दोर होता.

गावात बातमी पसरायला दहा मिनिटं लागली आणि तिला वाघाचे पाय फुटायला आणखी पाच. मागच्याच आठवड्यात नाल्यापलीकडे वाघानं गोऱ्हा मारला होता. अंधारात कोणी सत्तारभाईंना बाहेर पडू देईना. सकाळी वनरक्षक आले. गणवेशात होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी नाल्याच्या काठच्या चिखलातल्या एका खळग्याभोवती काडीनं गोल आखला आणि म्हणाले, "नर आहे. मोठा." गर्दीतल्या एकानं तो खळगा काल आपल्या म्हशीनं केल्याचं सांगितलं. वनरक्षकांनी त्याला मागे सरकायला सांगितलं. कोणीतरी उत्साहानं एसटीडी बूथवर जाऊन ब्रह्मपुरीला फोन करूनही टाकला होता, की शेषराव, घोडी वाघानं नेली.

सत्तारभाई या सगळ्यांत नव्हते. ते रस्त्याच्या कडेला चष्मा सावरत वाकून चालले होते. मी त्यांच्यामागे गेलो. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे पोरांचा तान्हा पोळा, शाळेला सुट्टी होती. शंभरेक पावलांवर ते थांबले.

"सर, हा पाहा. नाल काढलेला खूर. डाव्या बाजूले घासलेला. माह्या हातचा हाय."

खुरांची रांग नाल्याकडे वळलीच नव्हती. ती सरळ, रस्त्याच्या बरोब्बर मधून, बोडीटोल्याकडे गेली होती. बाजूनं बँडवाल्यांच्या चपलांचे ठसे. सत्तारभाई सरळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा रक्त आलं.

"वाघ नाई, सर," ते म्हणाले. "शेषराव कामावर गेली."

बोडीटोला दोन कोस. आम्ही पोहोचलो तेव्हा घोडी एका गोठ्यात बैलजोडीच्या शेजारी बांधलेली होती. कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, पाठीवर बेगडाचा तुकडा. लोक गोळा झाले आणि सगळे एकदम बोलू लागले. काल तोरणाखाली बैल उभे असताना ही बँडच्या मागून आली आणि सर्वांत पुढे जाऊन उभी राहिली. हाकलली तरी हलेना. बँड वाजला की पाय उचलून नाचे. तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले, तशी हीसुद्धा प्रत्येक दारात जाऊन थांबे. दारात थांबायचं, कोणीतरी ओवाळतं आणि तोंडात काहीतरी घालतं, हे तर ती आयुष्यभर करत आली होती.

"मंग आम्ही काय म्हणलं," एक म्हातारी म्हणाली, "सणाच्या दिवशी दारात आली, तिले उपाशी काऊन पाठवायचं?"

सत्तारभाईंचा चेहरा बदलला. "काय देलं, बाई?"

"पुरणपोळी."

"किती?"

"आमच्याकडनं पाच!"

"आमच्याकडनं सात, तुपासंग!" शेजारचा म्हणाला. त्याला मागे राहायचं नव्हतं.

"आम्ही तं वाटीभर पुरणही देलं वरून."

प्रत्येक घर आपला आकडा अभिमानानं सांगत होतं आणि सत्तारभाई प्रत्येक आकड्याला थोडे खाली बसत होते. शेवटी ते खरोखरच खाली बसले, घोडीच्या पोटाशी. तिचं पोट तबल्यासारखं ताणलेलं होतं. ती मान वळवून वळवून आपल्याच कुशीकडे पाहत होती आणि पुढच्या पायानं जमीन उकरत होती. सत्तारभाईंनी पोटाला कान लावला. बराच वेळ लावला.

"गिरणी बंद हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "आतमंधी काईच वाजून नाई राह्यलं. सर, वाघ परवडला असता."

गुरांचा दवाखाना सणामुळे बंद होता. आता एकच उपाय, असं त्यांनी सांगितलं. तिला चालवत ठेवायचं. आडवं पडू द्यायचं नाही, लोळली की आतडं पिरगळतं आणि मग काही करता येत नाही. लीद पडली तर जगली. नाही पडली तर संध्याकाळपर्यंत सगळं आटोपेल.

आम्ही निघालो. सत्तारभाईंच्या हातात दोर, मी दुसऱ्या बाजूला. शंभर पावलं चाललं की ते कान लावत. घोडी दोनदा गुडघ्यांत वाकली, दोन्ही वेळा त्यांनी तिला खांद्यानं उचलून धरलं. हाक मारत नव्हते, नुसतं "चल बाई, चल बाई" चाललं होतं. मी आयुष्यात बरीच भाषणं, बऱ्याच प्रार्थना ऐकल्या आहेत. त्या दोन शब्दांइतकं कळकळीचं काही ऐकल्याचं आठवत नाही.

अर्ध्या वाटेवर समोरून लूना आली. शेषराव. वाघानं नेलेल्या घोडीसाठी जो चेहरा करून तो पंचवीस-तीस किलोमीटर आला होता, तो चेहरा घोडी पाहून त्याला बदलता येईना. लूना चालू ठेवूनच तो उतरला, ती जाऊन बांधावर पडली.

"जिती हाय?"

"हाय," सत्तारभाई न थांबता म्हणाले. "पण भरोसा नाई. पोट बंद हाय. चूक माही हाय, शेषरावभाऊ. गाठ मी सैल बांधली, आन् ढोलाचं मले सुचलं नाई. ते मंग बोला. आता चाला."

 शेषरावनं लूना उचलली आणि ढकलत मागून चालू लागला. अशा रीतीनं आम्ही तीन प्रौढ पुरुष, एकही शब्द न बोलता, एका घोडीच्या शेपटीकडे डोळे लावून भर उन्हात चाललो होतो. वाटेत तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल ओढत भेटली. त्यांना आमची मिरवणूक आवडली नाही.

रेल्वे फाटकाशी पोहोचलो तर फाटक बंद. मालगाडी यायची होती. दोन्ही बाजूंना जीप, सायकली, एक एसटी. थांबून चालणार नव्हतं, म्हणून सत्तारभाई घोडीला फाटकासमोर गोल गोल फिरवू लागले. एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "खेळ हाय का बे?" कोणीतरी विचारलं. सत्तारभाईंना ऐकू आलं नाही. त्यांनी चालता चालताच कान पोटाला लावला होता.

ते एकदम थांबले.

"वाजली," ते म्हणाले.

मालगाडी धडधडत आली, इंजिनानं शिट्टी दिली, आणि घोडीनं शेपटी उचलली.

अशा गोष्टीचं वर्णन साहित्यात करत नाहीत. मी एवढंच सांगतो की ते पुष्कळ होतं, आणि शेषरावनं त्याला हात जोडले. सत्तारभाईंनी वाकून थोडं हातात घेतलं, बोटांनी फोडून पाहिलं, आणि सोनारानं कस लावून खरं सोनं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "पुरणच हाय." मग ते रुळाशेजारच्या दगडावर बसले आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसत होते. मालगाडी गेली, फाटक उघडलं, एसटी निघून गेली, तरी चष्मा पुसून झाला नव्हता.

शेवटी उठून त्यांनी दोर शेषरावच्या हातात दिला. "घेऊन जा, भाऊ. माह्यावर भरोसा नाई राहीन आता तुमचा. बरोबर हाय."

शेषरावनं घोडीचा पाय उचलून पाहिला. खूर कोरडा, साफ, सुपारीसारखा घट्ट. पाठीवरून हात फिरवला. मग दोर परत सत्तारभाईंच्या हातात ठेवला.

"कार्तिकात येतो," तो म्हणाला.

"गाठ आखूड मारीन आता."

"नोको," शेषराव लूनाला पॅडल मारत म्हणाला. "आखूड मारू नोको. निजत नाई ती. फक्त पोळ्याच्या दिवशी तिच्याजवळ बसत जा."

तो गेला. ऊन उतरलं होतं. आम्ही दोघं आणि घोडी गल्लीच्या तोंडाशी आलो. टिनाच्या पडव्या दिसायला लागल्या तशी घोडीनं कान टवकारून पावलं उचलली. तिला घर हवं होतं. सत्तारभाईंनी मात्र दोर डावीकडे वळवला, तलावाच्या रस्त्याला.

"अजून एक चक्कर मारू, सर. घोडीसाठी."

मी घोडीकडे पाहिलं. ती आता ठणठणीत होती. मी म्हटलं, "चला."

तलावाच्या काठानं आम्ही चाललो होतो आणि सत्तारभाई बोलत होते. जनावरांविषयी नाही. वडील लहानपणीच गेले, मग चार महिने मामूकडे गोंडपिपरीला, चार महिने खालाकडे, म्हणजे मावशीकडे, उरलेले चुलत्याकडे. मामूकडे बिछाना दाराशी असायचा, खालाकडे चुलीमागे. "कोणी वाईट नाई वागलं," ते म्हणाले. "ठेवून घेतलं सगळ्याईनं." शादी ठरली होती एकदा, जमली नाही. खालाकडच्या चुलीमागे थंडीत बरं असायचं. हे सगळं ते तलावाकडे पाहत, दुसऱ्या कोणाची तरी माहिती सांगावी तसं सांगत होते. मी तीन पावसाळे त्यांचा शेजारी होतो आणि यातलं मला काही माहीत नव्हतं, कारण मी कधी काही विचारलंच नव्हतं. मला त्यांचे किस्से पुरत होते.

दुसरी चक्कर झाली. तिसरीही झाली असती, पण सत्तारभाईंच्या आवाराच्या फाटकाशी येताच घोडी उभी राहिली आणि हलेना.

सत्तारभाईंनी तिला पडवीत नेलं, पाणी दाखवलं, दोर बांधला. मी घराकडे वळलो तेव्हा त्यांनी कुंपणाजवळ येऊन हाक मारली.

"सर, आता काई दिवस तिले रोज सांजेले चालवा लागन. पोटासाठी." त्यांनी चष्म्याची दोरी सावरली. "तुमी मोकळे राह्यता का सांजेचे?"

माझी बायको नोकरीमुळे नागपूरला. शाळा सुटल्यावर मी खोलीत एकटाच पुस्तक घेऊन पडलेला असे, आणि अकरा अकरा वाजेपर्यंत आम्ही दोघं, मी आणि ते, कुंपणाच्या दोन बाजूंना आपापले दिवे लावून जागे असायचो.

"बघतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी चपला घालून त्यांच्या फाटकाशी गेलो, तर ते घोडीला घेऊन आधीच उभे होते.